लेहच्या रेसला नाव दिलंय? मग शूजच्या आधी रजा बघा

सप्टेंबरमधे लेहला लडाख मॅरेथॉन असते आणि त्याच्या चार-पाच महिने आधीपासून इंदूरच्या रनिंग ग्रुप्समधे हाच विषय सुरू होतो. रीजनल पार्कला, नेहरू स्टेडियमच्या बाहेर, रन संपल्यावर छप्पन दुकानला पोहे खाताना, सगळीकडे तेच. शूज कोणते, जॅकेट कुठलं, एनर्जी जेल किती न्यायचे. आणि दर वेळी कुणीतरी विचारतंच की इथे एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आत काढणारा पोरगा लेहला हॉटेलच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याला धापा टाकत का थांबतो, आणि त्याच हॉटेलात उतरलेले, आयुष्यात कधी न धावलेले एखादे काका मात्र बाजारात आरामात कसे फिरतात?

थोडक्यात सांगायचं तर उंचीशी जुळवून घ्यायला शरीराला ठराविक दिवस लागतात आणि कितीही प्रॅक्टिस केली तरी ते दिवस कमी होत नाहीत. पण एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये, कारण यात जिवाशी गाठ आहे, म्हणून पहिल्यापासून नीट सांगते.

वर ऑक्सिजन कमी असतो म्हणजे काय?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईला जेवढं तेवढंच एव्हरेस्टच्या टोकावर, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्या इंदूरकरांना हे पटकन कळेल, कारण नर्मदेच्या नळाचं असंच आहे. नदीकाठच्या जलूदहून पंप करून आणलेलं पाणी तळमजल्यालाही तेच आणि तिसऱ्या मजल्यालाही तेच, पण प्रेशर कमी असलं की तिसऱ्या मजल्याच्या नळाला नुसती धार लागते आणि बादली भरायला अर्धा तास. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन असाच दाबावर ढकलला जातो. दाब कमी झाला की तेवढ्याच श्वासात रक्तात कमी ऑक्सिजन जातो, मग छाती कितीही फुगवा.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, इथे दाब समुद्रकिनाऱ्याच्या ९४ टक्के. लेह शहर साडेतीन हजार मीटरवर, तिथे ६५ टक्के. लेहच्या वरच्या खारदुंग ला खिंडीत अर्ध्याच्या जरासा वर, आणि एव्हरेस्टवर एक तृतीयांश. (खारदुंग लाच्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, फोटो सगळ्यांकडे असतात, पण नीट मोजल्यावर ती उंची साधारण ५,३६० मीटर म्हणजे साडेसतरा हजार फूट भरते. धावणाऱ्याला तेवढीही पुष्कळ आहे.) लेहमधे पाणी ८८ अंशाच्या आसपासच उकळतं आणि कुकरशिवाय डाळ शिजत नाही, तेही याच दाबामुळे.

आता धावण्यावर याचा परिणाम. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्या मापाला व्हीओटू मॅक्स म्हणतात, आजकाल घड्याळंही अंदाजे आकडा दाखवतात. साधारण दीड हजार मीटरच्या वर गेलं की पुढच्या दर हजार मीटरला हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास घसरतो. म्हणजे लेहला तुमच्या इंजिनाचा पाचवा हिस्सा गेलेलाच असतो, खिंडीत एक तृतीयांशाहून जास्त.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण १९६८ चं मेक्सिको ऑलिंपिक. शहर फक्त २,२४० मीटरवर. बॉब बीमननं तिथे लांब उडीत ८.९० मीटरचा विक्रम केला, कारण विरळ हवेत अडथळा कमी आणि काही सेकंदांच्या खेळाला श्वासाची फिकीर नसते. पण दहा हजार मीटरची शर्यत केनियाचा नफ्ताली टेमू २९ मिनिटं २७ सेकंदांत जिंकला, आणि जागतिक विक्रम तेव्हा २७ मिनिटं ३९ सेकंदांचा होता! तो विक्रम ज्याच्या नावावर होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा आला आणि फिनिशला कोसळला. टेमू उंच पठारावर वाढलेला, क्लार्क समुद्राजवळच्या मेलबर्नचा. जगातला सगळ्यात तयारीचा धावपटू सव्वादोन हजार मीटरवर असा पडत असेल तर साडेतीन हजारावर आपण पहिल्याच दिवशी पेस धरायची जिद्द का करावी?

मग शरीर जुळवून कसं घेतं?

दिल्लीला फ्लाइट बदलून माणूस सकाळी लेहला उतरतो. आदल्या रात्री इंदूरच्या सराफा बाजारात भुट्ट्याचा कीस खाल्लेला असतो, म्हणजे बारा तासांत जवळजवळ तीन हजार मीटर वर. शरीराला यातलं काही माहीत नसतं, त्याला फक्त रक्तातला ऑक्सिजन घटलेला जाणवतो आणि ते लगेच श्वास जोरात आणि भराभर घ्यायला लावतं, हृदय जोरात पळायला लागतं. ही झाली तातडीची सोय.

पण भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्ताचं रसायन बिघडतं, म्हणून मेंदू उलट ब्रेक मारतो. हे रात्री झोपेत फार गमतीशीर दिसतं, पण ज्याला होतं त्याची घाबरगुंडी उडते. शेजारच्या कॉटवरच्याचा श्वास वाढत वाढत जातो, मग एकदम थांबतो, पाच-दहा सेकंद काहीच नाही, आणि मग तो दचकून उठतो नि मोठा श्वास घेतो. परत झोपतो, परत तेच. बरेच जण रात्रभर असे उठत राहतात आणि सकाळी म्हणतात झोपच लागली नाही. हे त्या उंचीवर बहुतेकांना होतं आणि एकट्या या गोष्टीनं घाबरायचं कारण नाही.

पुढचे दोन-चार दिवस किडनी हळूहळू हे रसायन ताळ्यावर आणते, म्हणून लघवी जास्त होते, म्हणून पाण्याकडे लक्ष ठेवायचं. त्याच सुमाराला रक्तातलं पाणी कमी होऊन रक्त जरा दाट होतं. नवीन लाल पेशी बनवायचा हुकूम काही तासांतच सुटतो, पण त्या पेशी उपयोगाच्या संख्येनं रक्तात यायला दोन-तीन आठवडे जातात. यातला कुठलाच टप्पा इच्छाशक्तीनं लवकर होत नाही. मला वाटतं धावणाऱ्या माणसाला हेच पचवणं सगळ्यात कठीण जातं, कारण बाकी सगळं आपण मेहनतीनं मिळवलेलं असतं.

पण मी तर रोज धावतो, मला काय होणार?

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. उंचीचा आजार फिटनेस बघून येत नाही. १९६२ च्या युद्धात मैदानी भागातले हजारो जवान घाईघाईनं हिमालयात चढवले गेले, आणि त्यातल्या १,९२५ जणांच्या आजारपणाचा अभ्यास आपल्या लष्करी डॉक्टरांनी डॉ. इंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली १९६९ साली प्रसिद्ध केला. आजही जगभर त्याचा हवाला दिला जातो. ते सगळे जवान होते, रोज कवायत करणारे, कुणी गुबगुबीत पर्यटक नव्हते.

उलट तयारीच्या माणसाला दोन तोटे आहेत. एक म्हणजे त्याचं हृदय इतकं जोरात रक्त फेकतं की फुप्फुसातून रक्त पुरता ऑक्सिजन न घेताच पुढे सरकतं, त्यामुळे टक्केवारीत बघितलं तर चांगल्या धावपटूंचा व्हीओटू मॅक्स उंचीवर सामान्य माणसापेक्षा जास्त पडतो. दुसरं म्हणजे सवय. पाय हलके वाटतायत, प्लॅनमधे आज आठ किलोमीटर लिहिलंय, मग तो पहिल्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्यांवर धावायला जातो. वर म्हटलेले काका आरामात फिरत होते कारण ते हळू चालत होते, दुकानादुकानात थांबत होते, आणि काही जणांना जात्याच उंची कमी बाधते. कुणाला बाधेल हे आधी ओळखायची खात्रीची टेस्ट नाही. मागच्या वेळी त्याच उंचीवर काय झालं होतं तोच त्यातल्या त्यात बरा अंदाज.

डोकं दुखतंय, हे साधं की सीरियस?

उंचीवर आल्यावर डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, चक्कर, अंगात त्राण नसणं, याला अक्यूट माउंटन सिकनेस म्हणतात. तिथल्या डॉक्टरांपर्यंत जायच्या आधी एवढं पाठ करा की असं काही असेल तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चालायचं, झोपेची जागा आणखी वर न्यायची नाही, धावायचं तर नाहीच. बहुतेकांचं एक-दोन दिवस आराम केल्यावर ओसरतं.

दोन प्रकार मात्र जीव घेतात. एकात फुप्फुसात पाणी भरतं, म्हणजे बसल्याजागी धाप, सतत खोकला, ओठ निळसर. दुसऱ्यात मेंदूला सूज येते, माणूस असंबद्ध बोलतो, चालताना झोकांड्या जातात. यासाठी एक सोपी चाचणी आहे, जमिनीवर सरळ रेषा धरून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायला सांगायचं. ज्याला ते जमत नाही त्याला सकाळची वाट न बघता तेव्हाच खाली न्यायचं आणि ऑक्सिजन द्यायचा. रात्र असो, रेसचा बिब, म्हणजे नंबर, छातीवर असो, हजारो रुपये फी भरलेली असो.

ऑक्सिमीटरबद्दलही बोलायला हवं. कोविडमधे आपण सगळ्यांनी ते बोटाला लावलेलं, ९४ च्या खाली गेलं की फोनाफोनी, ती भीती अजून अंगात आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी लेहला पहिल्या रात्री बोटाला लावून बघितलं तर ८७, आणि त्या रडकुंडीला आल्या. गार बोट, थरथरणारा हात, आकडा ८७ वरून ८४, मग ८९, परत ८६. तिथे पहिल्या दिवशी असे आकडे सर्रास दिसतात. बोट गार असलं तर यंत्र चुकतंही. माणूस जेवतोय का, बोलतोय का, जिना चढताना थांबला तर दोन मिनिटांत श्वास जागेवर येतोय का, हे आकड्यापेक्षा जास्त सांगतं. आकडा एकटा बघून घाबरूही नका, आणि आकडा चांगला आहे म्हणून फुटणारं डोकं दुर्लक्षितही करू नका.

गोळी घेऊन गेलं तर?

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड. किडनीचं ते रसायन सावरायचं काम ही गोळी लवकर करून घेते, म्हणून श्वास मोकळा राहतो, झोप बरी लागते. खरंच उपयोगाची आहे आणि फ्लाइटनं थेट जाणाऱ्यांना डॉक्टर बरेचदा देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा पाणचट लागतो. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, मेडिकलवरून परस्पर घेऊ नका.

पण धावणाऱ्यांसाठी एक गोष्ट बरेचदा कुणी सांगत नाही. हे औषध वाडा (WADA) या डोपिंगविरोधी जागतिक संस्थेच्या बंदी यादीत आहे, डाययुरेटिक म्हणजे लघवी वाढवणारं म्हणून, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. ट्रेकरला काही फरक पडत नाही, रेसमधे उतरणाऱ्याला पडतो, त्यामुळे आधी आयोजकांशी आणि डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि डोकेदुखीवर पेनकिलर खाऊन लांब रेसला उभं राहणं तर अजिबात नको, दुखणं झाकलं जातं आणि घाम गाळणाऱ्या शरीरात त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीवर ताण आणतात.

मास्कचं पण विचारतात, तो काळा रबरी मास्क लावून रीजनल पार्कला फेऱ्या मारणारे आहेत. त्यानं श्वास ओढायला कष्ट पडतात, श्वासाच्या स्नायूंना व्यायाम होतो, बस. हवेचा दाब इंदूरचाच राहतो, त्यामुळे लेहची तयारी त्यातून होत नाही.

इंदूरला बसून मग करायचं काय?

पुष्कळ काही, आणि इथे मला खरंच उत्साह येतो. डोंगरातल्या धावण्यात उंची हा एक भाग, चढ-उतार हा दुसरा, आणि दुसऱ्याची तयारी आपल्याकडे होते. ट्रेल रनिंग म्हणजे डांबर सोडून पायवाटेवर धावणं, त्यात किलोमीटरइतकंच महत्त्व एकूण चढाईला असतं. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून जाणारी यूटीएमबी ही ट्रेल रेस घ्या, अंतर १७० किलोमीटरच्या आसपास आणि एकूण चढाई साधारण १०,००० मीटर. २०२३ ला अमेरिकेच्या जिम वॉल्म्सलीनं ती १९ तास ३७ मिनिटांत जिंकली. आणि तिचा सगळ्यात उंच भाग जेमतेम अडीच हजार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे लेहच्या हॉटेलातली तुमची खोली त्याहून जवळपास हजार मीटर वर! तिथले टायमिंग बघून लडाखचे हिशोब मांडू नयेत ते यामुळे.

चढावर चालायला लाज वाटून घेऊ नका. तीव्र चढावर एका वेगाच्या खाली आलं की धावण्यापेक्षा चालायला कमी ऊर्जा लागते, हे ट्रेडमिल तिरकं करून मोजलेलं आहे. जगातले अव्वल धावपटूही मोठ्या चढावर गुडघ्यावर हात टेकून किंवा काठ्या घेऊन झपाझप चालतात. पण पोरांना शिकवावं लागतं, कारण मॅरेथॉनमधे चालणं म्हणजे हरणं असं डोक्यात बसलेलं असतं.

उताराकडे तर कुणी बघतच नाही आणि खरी वाट तिथेच लागते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, प्रत्येक पावलाला. त्यानं स्नायूत बारीक इजा होतात, त्या वेळी फारसं कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र कमोडवरून उठताना भिंत धरावी लागते. लांब रेसमधे हे तिथल्या तिथेच होतं, अर्ध्या उतारावर मांड्या लटपटायला लागतात, पाय ठेवायचा एका दगडावर आणि पडतो दुसऱ्यावर. चांगली गोष्ट अशी की एकदा उताराचा मार सोसला की स्नायू काही आठवडे त्या माराला पक्के राहतात. म्हणून जानापावला जा. आपल्या भागातल्या सगळ्यात उंच टेकाडांपैकी एक, साडेआठशे मीटरच्या आसपास. उंचीची सवय तिथे काडीची होणार नाही, हवा इंदूरसारखीच. पण चढा, उतरा, परत चढा, परत उतरा, आणि उतरताना पावलं छोटी, नजर तीन-चार पावलं पुढे. रेसच्या दोन-तीन आठवडे आधी शेवटची मोठी उतरण करा आणि मग मांड्यांना आराम द्या.

एवढं सामान कशाला नेतात?

विंडचीटर, थर्मल, हेडलॅम्प, शिट्टी, चकचकीत इमर्जन्सी ब्लँकेट, हे सगळं बऱ्याच डोंगरी रेसमधे सक्तीचं असतं आणि पाठीवर वजन नको म्हणून लोक कुरकुरतात. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या रेसमधे १७२ जण धावत होते. उंची फार नव्हती, दोन हजार मीटरच्या आसपास. दुपारी एकदम गार वारा, पाऊस आणि गारा आल्या. विंडचीटर सक्तीचं नव्हतं, बरेच जण शॉर्ट्स आणि पातळ टीशर्टवर होते, काहींचं जॅकेट पुढच्या थांब्याच्या बॅगेत. २१ जण गारठून दगावले, त्यात त्या देशातला नामांकित अल्ट्रा धावपटू लियांग जिंगही होता. एका मेंढपाळानं सहा जणांना आपल्या आडोशाच्या गुहेत आणलं, शेकोटी पेटवली, ते वाचले.

हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वारा वेगळाच. धावतोय तोवर अंग तापलेलं असतं. मुरगळलेला पाय घेऊन ओल्या टीशर्टमधे वाऱ्यात बसावं लागलं की हिशोब मिनिटांचा होतो, आणि ते अडीचशे ग्रॅमचं जॅकेट त्या मिनिटांसाठी असतं.

बरं, मग रजा किती?

तीन हजार मीटरच्या वर साधा नियम असा की झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. फ्लाइटनं लेह गाठलं की हा नियम आधीच मोडलेला असतो, म्हणून पहिले दोन दिवस निव्वळ आराम, हळू चालणं, साधं जेवण, दारू नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलता येईल इतकं हळू धावून बघायचं. लेहमधल्या मॅरेथॉन किंवा हाफसाठी निदान आठवडा-दहा दिवस तिथे आधी असावेत असं माझं मत. खारदुंग ला चॅलेंज, म्हणजे खिंड ओलांडून येणारे ७२ किलोमीटर, त्याला आणखी जास्त, आणि त्यात खिंडीकडे दिवसा जाऊन रात्री खाली झोपायला येणं दोन-तीनदा तरी.

रस्त्यानं जायचं असेल तर श्रीनगर-कारगिल बरा, तिथे मुक्काम २,७०० मीटरच्या आसपास होतो. मनालीकडून सरचूला रात्र काढली तर एकदम ४,२०० च्या वर झोपता, ते आणखी वाईट. एव्हरेस्ट मॅरेथॉनवाले बघा, २९ मे ला बेस कँपवरून, ५,३६४ मीटरवरून सुटून नामचे बाजारला उतरतात, आणि त्या एका दिवसाच्या धावण्यासाठी दहा-बारा दिवस पायी चढत जातात.

"पण ऑफिसातून पाचच दिवस मिळतायत." हे सगळ्यात प्रामाणिक ऑब्जेक्शन आहे. मग यंदा लेहचा मोठा टप्पा धरू नका. मनालीच्या आसपास दोन हजार मीटरच्या पट्ट्यातल्या रेस असतात, साताऱ्याची हिल हाफ आहे, तिथे चढ-उतार भरपूर आणि श्वास आपला. लेहलाच जायचं असेल तर सगळ्यात छोट्या अंतराला नाव द्या, घड्याळ खोलीवर ठेवा आणि घरच्यांबरोबर फिरून या. ती उंची तुम्हाला कशी मानवते हे त्यात कळेल, आणि पुढच्या वर्षी रजेचा अर्ज करताना किती दिवस लिहायचे तेही.